डाएट गुरुवारी रात्री मोडतं, पण वजन वाढतं शुक्रवार ते रविवार

पत्र, थोडक्यात

‘मी ३९ वर्षांची. मुलुंडला राहते, नोकरी नरिमन पॉइंटला. उंची १५७ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. आजवर तीनदा सात-आठ किलो उतरवलं आणि तिन्ही वेळा त्याहून जास्त परत आलं. दर सोमवारी नव्याने सुरू करते. सकाळी लिंबूपाणी आणि बिनसाखरेचा चहा, अकराला सफरचंद, डब्यात दोन फुलके नि दुधीची भाजी, संध्याकाळी काळी कॉफी, रात्री सूप आणि एक फुलका. तीन दिवस अगदी व्यवस्थित जातात. गुरुवारी रात्री सगळे झोपले की ओट्याशी उभी राहून फरसाणाच्या डब्यात हात घालते. मग एखाद-दोन लाडू, मग उरलेली पोळी तूप-साखर लावून. नंतर स्वतःचीच किळस येते. वाटतं, मोडलंच आहे तर आता सोमवारपासून बघू. दिवसातून दोनदा वजन करते. सासूबाई आग्रह करतात, नवरा “तुझं डाएट ना?” म्हणून टोकतो. झोपायला साडेबारा होतात, उठते सव्वापाचला. डिसेंबरात नणंदेच्या मुलीचं लग्न आहे, म्हणजे हातात सहा महिने आहेत. तोवर ६० किलोवर यायचंय. माझ्यात जिद्दच नाही का?’

उत्तर

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. जिद्द भरपूर आहे. सव्वापाचला उठून, डबे करून, लोकलचा प्रवास करून, दिवसभर जवळजवळ उपाशी राहणं आणि हे वर्षानुवर्षं दर सोमवारी पुन्हा सुरू करणं, याला कमी जिद्द लागत नाही. चुकतंय ते दुसरीकडे. तुम्ही दिलेला दिवसाचा हिशेब आम्ही मांडून पाहिला, तो तुम्हीही पाहा.

सफरचंदाच्या ८० कॅलरी, दोन फुलक्यांच्या १६०, भाजीच्या ८०-९०, सूप आणि रात्रीचा फुलका मिळून दोनशे-सव्वादोनशे, चहा-लिंबूपाणी वगैरे पन्नास-साठ. सगळं धरून साधारण सहाशे. तुमचं वय, उंची आणि वजन पाहता नुसतं पडून राहिलात तरी शरीर दिवसाला सुमारे १४०० कॅलरी जाळतं. घरकाम, प्रवास, जिने धरले तर १९००च्या आसपास. म्हणजे रात्री अकरा वाजता ओट्याशी जी बाई उभी असते, तिच्या शरीरात सलग चौथ्या दिवशी गरजेच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच अन्न गेलेलं असतं. फरसाणाचा डबा उघडतो तो हावरटपणाने नव्हे. भुकेने उघडतो.

आता पुढचा हिशेब. दोन-तीन मुठी फरसाण, दोन लाडू, तूप-साखरपोळी याच्या नऊशे ते हजार कॅलरी धरू. दिवसभरातल्या सहाशे मिळवल्या तर गुरुवारची बेरीज होते सोळाशेच्या घरात. ज्या रात्रीसाठी तुम्ही स्वतःला चार दिवस शिव्या घालता, त्या दिवशीसुद्धा तुमचं खाणं खर्चापेक्षा कमीच भरतं. हे आकडे ढोबळ आहेत, घरगुती अंदाजात शे-दोनशे इकडेतिकडे होतात, पण निष्कर्ष बदलत नाही. वजन वाढवतो तो त्यानंतरचा शुक्रवार, शनिवार आणि रविवार. ‘मोडलंच आहे’ म्हटल्यावर ऑफिसातला समोसा, शनिवारची पावभाजी, रविवारची बिर्याणी आणि ‘उद्यापासून काही मिळणार नाही’ म्हणून आजच उरकून घेतलेलं आइस्क्रीम. तीन दिवसांची कमाई तीन दिवसांत परत. म्हणून आमचा सगळा भर दोन गोष्टींवर आहे: दिवसा पोटभर खाणं, आणि मोडल्यानंतरचे ते साडेतीन दिवस छाटून एका जेवणावर आणणं. बाकी सगळं त्यानंतर.

हे फक्त तुमच्या बाबतीत होतं असं मानू नका. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने निम्म्या आहारावर ठेवलं होतं. हे तरुण स्वतःहून आले होते आणि निवडून घेतलेले होते. काही आठवड्यांत त्यांना खाण्याखेरीज दुसरं काही सुचेना. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटल्या चाटायचे, चिडचिडे झाले. बंधन उठल्यावर काही जण पोट फुटेस्तोवर जेवायचे, तरी भूक भागल्यासारखं वाटायचं नाही. १९७५ साली हर्मन आणि मॅक यांनी केलेला दुसरा एक प्रयोग तर थेट तुमच्या गुरुवारचाच आहे. आधी मिल्कशेक प्यायला दिल्यावर, एरवी खाण्यावर बंधन न ठेवणाऱ्या मुलींनी नंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. जेवण मोजूनमापून खाणाऱ्या मुलींनी मात्र, मिल्कशेक न पिता जेवढं खाल्लं असतं त्याहून जास्त खाल्लं. नियम मोडला, आता राखायचं काय उरलं, हा विचार पोटापेक्षा मोठा ठरतो.

तेव्हा पहिलं काम दिवसाचं. दिवसाला चौदाशे-पंधराशे कॅलरी पोटात जायला हव्यात, आणि त्यातल्या बऱ्याचशा संध्याकाळी सहाच्या आत. घरातून निघण्याआधी काहीतरी खाऊनच निघा: शेंगदाणे-मटार घातलेले बशीभर पोहे आणि एक उकडलेलं अंडं, किंवा मुगाची दोन धिरडी आणि दही. एवढ्या सकाळी खाववत नसेल तर डब्यात घ्या आणि ऑफिसात टेबलाशी बसल्याबरोबर खा. दुपारी दोन पोळ्या, एक वाटी भाजी, कोशिंबीर आणि मुख्य म्हणजे एक वाटी घट्ट उसळ किंवा आमटी, वर ताक. नुसत्या दुधीवर दुपार निघत नाही. डाळ, कडधान्य, अंडं, मासा, पनीर यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात असलं तर भूक लांबते.

सगळ्यात महत्त्वाचं खाणं संध्याकाळी साडेपाचचं. तुमच्या दिवसात दुपारच्या डब्यानंतर थेट रात्री सव्वानऊपर्यंत पोटात काळ्या कॉफीशिवाय काही नाही. हे आठ तास भरले नाहीत तर बाकीचा खटाटोप फुकट जाईल. एक मूठ, म्हणजे ३० ग्रॅम फुटाणे आणि एक फळ; किंवा दुधाचा चहा आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. पिशवीत फुटाण्यांची पुडी कायम असू दे. हे ऑफिसातून निघण्याआधी खायचं, सीएसएमटीला पोहोचल्यावर नाही. तिथे वडे तळण्याचा वास नाकात जाईपर्यंत उशीर झालेला असतो. आणि एखाद्या दिवशी वडापाव खावासा वाटला तर तो साडेपाचच्या खाण्याऐवजी खा, उभ्याने गिळू नका, चव घेऊन खा, आणि रात्री ठरलेलं जेवण ठरल्याप्रमाणे जेवा. वडापाव तीनशेएक कॅलरींचा असतो. त्यात मोडण्यासारखं काही नाही.

रात्री एक पोळी किंवा भाकरी, नाहीतर वाटीभर भात, त्यासोबत दीड वाटी घट्ट वरण किंवा दोन अंडी किंवा माशाचं कालवण, आणि भाजी. सूप प्यायचं तर जेवणाबरोबर प्या, जेवणाऐवजी नको.

इथे एक अडचण येणार, ती आधीच सांगतो. पहिले आठ-दहा दिवस तुम्हाला खूप भीती वाटेल. ‘एवढं खाऊन वजन कसं उतरेल?’ शिवाय काटा पहिल्या आठवड्यात अर्धा ते एक किलो वर जाऊ शकतो. उपाशी राहिल्यावर यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, संपते. नीट जेवायला लागल्यावर ती परत भरते, आणि दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. हे वजन पाण्याचं असतं, चरबीचं नसतं. पुष्कळ जणी नेमक्या याच आठवड्यात घाबरून पुन्हा सूपवर येतात. पहिले पंधरा दिवस वजनच करू नका, म्हणजे घाबरायची वेळ येणार नाही.

आता रात्री अकराची वेळ. पोट भरलेलं असूनही ती हाक येईल, कारण ती सगळी भुकेची नाही. तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट ठळक दिसते: सव्वापाचपासून साडेबारापर्यंत, कुणी तुमच्याकडे काही मागत नाही अशी ती एकच वेळ आहे. फरसाण त्या वेळेचा एक भाग झालंय. म्हणून डब्याकडे हात गेला की स्वतःला एवढंच विचारा: आत्ता समोर वरणभात आला तर खाईन का? उत्तर ‘हो’ आलं तर ती खरी भूक आहे. मग वरणभातच खा, नाहीतर कपभर दूध घ्या, आणि निवांत झोपा. उत्तर ‘नाही, फरसाणच हवं’ असं आलं तर भूक नाही, दुसरं काही आहे: थकवा, कुणावरचा राग, नाहीतर नुसता एकटेपणा. तरीही खायला बंदी नाही. फक्त पद्धत बदला. घड्याळात पंधरा मिनिटं जाऊ द्या. ही हाक चढत जाते तशी ओसरतेही, आणि ती ओसरताना एकदा अनुभवली की तिची दहशत कमी होते. पंधरा मिनिटांनीही हवंसं वाटलं तर आमटीच्या वाटीत फरसाण काढा, डब्याचं झाकण लावा, दिवा लावून, खुर्चीत बसून खा. उभ्याने, अंधारात, डब्यातून खाल्लेल्याला मोजमाप नसतं आणि समाधानही नसतं. घरात किलोचा डबा भरून ठेवण्याऐवजी दोनशे ग्रॅमचं पाकीट आणायला सुरुवात करा.

आणि स्वतःची अशी वीस मिनिटं दिवसात आधीच मिळवा. रात्रीच्या जेवणानंतर ओटा आवरणं नवऱ्याकडे किंवा मुलांकडे द्या, आणि तुम्ही खाली सोसायटीच्या आवारात जाऊन बसा, मैत्रिणीशी बोला, गच्चीत जा, काहीही करा. मुंबईच्या घरांत स्वतःची खोली सोडा, स्वतःचा कोपरासुद्धा मिळणं अवघड असतं, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच घराबाहेर पडा म्हणतोय. हे लाड नाहीत. रात्रीच्या खाण्यावरचा हा निम्मा उपाय आहे.

एवढं करूनही मोडेल. महिन्यातून दोनदा-तीनदा तरी मोडेल, सुरुवातीला त्याहून जास्त. त्या रात्रीनंतर काय करायचं हे आत्ताच ठरवून ठेवा, कारण त्या रात्री डोकं ताळ्यावर नसतं. दुसऱ्या दिवशीचा नाश्ता वेळेवर आणि नेहमीएवढाच खायचा, भूक नसली तर निम्मा, पण चुकवायचा नाही. भरपाई करायची नाही: ना उपास, ना जास्तीचं चालणं, ना नुसत्या काकडीवर दिवस. भरपाई म्हणजे पुढच्या मोडण्याची तयारी. संकष्टी श्रद्धेने करत असाल तर जरूर करा, पण शिक्षा म्हणून मध्येच उपास धरू नका. साबुदाण्याच्या खिचडीने तो हिशेबही जुळत नाही आणि रात्रीची भूक मात्र दुप्पट होते. तीन दिवस काट्यावर उभं राहायचं नाही. आणि फोनमध्ये तीन ओळी लिहायच्या: त्याआधी पोटभर कधी खाल्लं होतं, खाण्याच्या तासभर आधी काय घडलं, किती झोप झाली होती. कॅलरी लिहू नका, स्वतःबद्दलची विशेषणंही नकोत. अशा चार-पाच नोंदी झाल्या की तुमचं तुम्हालाच दिसेल. कुणाचं दर वेळी साहेबांच्या मीटिंगनंतर मोडतं, कुणाचं पाळीच्या आधीच्या आठवड्यात, कुणाचं सासरच्या कार्यक्रमानंतर. त्या दिवशी काय करायचं ते मग आधी ठरवता येतं.

ठरवायचं तेही मोघम नको. ‘कमी खाईन’ असं ठरवून काही होत नाही. ‘मीटिंग सहानंतर संपली, तर स्टेशनला निघण्याआधी फुटाणे खाईन’ असं जर-तर लावून ठरवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा ‘जर-तर’ आखणीवर पुष्कळ अभ्यास केला आहे, आणि नुसत्या इच्छेपेक्षा ती बरीच जास्त पाळली जाते असं दिसलं आहे.

यश मोजायचं ते किती दिवस मोडलं नाही यावर नाही, मोडल्यानंतर सावरायला किती वेळ लागला यावर. आज तुम्हाला साडेतीन दिवस लागतात. दोन महिन्यांत तो एका दिवसावर आला, तर काट्यावर अजून काही दिसत नसलं तरी मोठं काम झालेलं असेल. सवय जडायला २१ दिवस लागतात असं जे सांगतात त्याला आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयी नोंदवल्या. सवय अंगवळणी पडायला मध्यम काळ ६६ दिवस निघाला, कुणाला १८ पुरले, तर कुणाचा अंदाज २५४पर्यंत गेला. मध्ये एखादा दिवस चुकला तर त्याने फारसं काही बिघडलं नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं. दर सोमवारी पाटी कोरी करून सुरुवात करण्याची गरजच नाही.

वजनकाट्याबद्दल थोडं सविस्तर, कारण तो तुमच्या मनाचे हाल करतोय. दिवसाच्या दिवसात वजन एक-दीड किलो खालीवर होणं साधं आहे. खारट खाल्लं की पाणी साठतं, पोट साफ झालं नाही की वाढतं, पाळीच्या आधी एक ते दोन किलो चढू शकतं आणि पाळी सुरू झाल्यावर उतरतं. एक किलो चरबी चढायला खर्चापेक्षा सुमारे ७७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. लग्नातलं अगदी दाबून झालेलं जेवण दीड-दोन हजार कॅलरींनी जास्त पडेल. त्याची चरबी झाली तर पाव किलो. दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो जास्त दाखवत असेल तर बाकीचा सव्वा किलो मीठ, पाणी आणि पोटातलं अन्न. म्हणून पंधरा दिवसांनंतर आठवड्यातून एकदाच, एकाच दिवशी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा, आकडा लिहून ठेवा आणि काटा कपाटात ठेवा. तुलना कालच्याशी करू नका, चार आठवड्यांपूर्वीच्या आकड्याशी करा, म्हणजे पाळीचा चढउतार बराचसा निघून जातो. एवढ्यानेही दिवस काट्यावर ठरायला लागला, तर काटा माळ्यावर टाका आणि महिन्यातून एकदा कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, पोट आत न ओढता, नेहमीसारखा श्वास सोडल्यावर. आपल्याकडे बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. आकडा त्या दिशेने सरकतोय ना, एवढंच पाहा.

डिसेंबर आणि ६० किलो. हे आम्ही स्पष्टच सांगतो: सहा महिन्यांत १८ किलो हे उद्दिष्ट तुम्हाला पुन्हा सूपवर नेईल. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, ३१.६ आहे आणि भारतीयांसाठी २५च्या वर लठ्ठपणा धरतात, त्यामुळे वजन उतरायला हवं, यात शंका नाही. पण तब्येतीचा फायदा ६०ला पोहोचल्यावर सुरू होत नाही. अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००२ साली आले, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढंच ध्येय ठेवलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तुमच्यासाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. डिसेंबरपर्यंत चार ते साडेपाच किलो हे ध्येय धरा. लग्नाचं ब्लाउज नोव्हेंबरच्या शेवटी, त्या वेळच्या मापाने शिवा आणि आत इंचभर माया ठेवायला सांगा. आणि आत्ता, याच महिन्यात, आजच्या मापाचे दोन चांगले ड्रेस घ्या. रोज सकाळी दंडाला रुतणारा कुर्ता घालून लोकलला लटकणं ही दिवसभराची टोचणी असते, आणि लाजेने कुणी नीट जेवायला शिकत नाही. ज्यांना वजनावरून सतत टोमणे ऐकावे लागतात त्यांचं वजन त्यामुळे घटत नाही, उलट खाणं वाढतं, असं अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. हे घरच्यांनाही वाचून दाखवा.

घरच्यांशी बोलायचं ते मोजक्या शब्दांत आणि शांत वेळी, ताट समोर असताना नाही. सासूबाईंना ‘मला नको’ म्हटलं की तो त्यांच्या हाताला नकार वाटतो. त्याऐवजी, ‘आई, आत्ता पोट भरलंय, मला डब्यात द्या, उद्या दुपारी खाईन’ म्हणा, आणि खरंच दुपारी खा. त्यांच्याशी थालीपीठ, मुगाची उसळ, मेथीची भाजी यांबद्दल बोला. पोटभरीचं आणि आपलं काय करता येईल हे त्यांना तुमच्या डाएटच्या कागदापेक्षा चांगलं ठाऊक असेल. नवऱ्याला एकदा नीट सांगा: ‘मी खाताना मला टोकू नकोस. टोकलंस की मी तुझ्यासमोर खात नाही, रात्री एकटीने खाते. मदत करायची तर साडेनऊनंतर ओटा तू आवर.’ यात तक्रार नाही, काम आहे, म्हणून पटायची शक्यता जास्त. मुलांच्या ताटातलं उरलेलं तुम्ही संपवू नका. त्यांना आधीच कमी वाढा. लग्नाच्या घरात ‘किती सुटलीस गं’ म्हणणारी आत्या भेटणारच. तिला ‘हो, तब्येतीकडे बघतेय, तुमचे गुडघे कसे आहेत?’ एवढं पुरे. तिच्यापुढे आकडे आणि आश्वासनं ठेवू नका.

चालण्यासाठी जिमची फी भरायची घाई करू नका. नरिमन पॉइंट ते सीएसएमटी हे अंतर झपझप चाललं तर साधारण अर्ध्या तासाचं आहे. सकाळी शेअर टॅक्सी घ्या, परतताना चाला. पाच दिवस जमलं तर जागतिक आरोग्य संघटना सांगते ती आठवड्याची १५० मिनिटं होतात. तीन दिवस जमलं तरी चांगलंच. वेग असा ठेवा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. पावसात हे बंद पडेल, तेव्हा ऑफिसच्या इमारतीचे जिने आहेत. शिवाय आठवड्यातून दोनदा घरीच खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, असं दोन-तीनदा. किती कॅलरी जळल्या हे फोनमध्ये बघू नका. चालणं खाण्याची शिक्षा झालं की तेही सोमवारच्या फेऱ्यात सापडतं.

झोप मात्र कमी लेखू नका. पावणेपाच तासांची झोप भूक वाढवते. शिकागो विद्यापीठातल्या २००४ सालच्या अभ्यासात तरुणांना दोनच रात्री चार तास झोपू दिलं, तर भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढलं, पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, आणि ओढ जास्त लागली ती गोड-खारट-पिठूळ पदार्थांची. सात तास आज शक्य नसतील. साडेबाराचे साडेअकरा करणं शक्य आहे, कारण फरसाणाची वेळ त्याच सुमारास येते.

आता डॉक्टरांकडे. एकदा थायरॉइडची टीएसएच आणि रक्तातल्या साखरेची एचबीए१सी तपासून घ्या. पाळी अनियमित असेल तर पीसीओएस या संप्रेरकांच्या विकाराबद्दल विचारा. स्टेरॉइड किंवा काही मानसिक आजारांच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही वजन वाढतं, पण त्या स्वतःहून बंद करू नका. झोपेत मोठ्याने घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर तेही सांगा. वजनाची इंजेक्शनं हल्ली ऑफिसातही चर्चेत असतात. तुमच्या बीएमआयला ती देता येतात, पण तो निर्णय तपासण्या पाहून डॉक्टरांनीच करायचा, आणि बंद केल्यावर अनेकांचं वजन परत येतं हे धरून.

एक गोष्ट मात्र लांबवू नका. थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, हात थांबवता येत नाही, नंतर किळस वाटते, आणि हे आठवड्यातून किमान एकदा, सलग तीन महिने होत असेल, तर त्याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. तुमचं वर्णन त्याच्या बरंच जवळ जातं. हा उपचाराने बरा होणारा आजार आहे, त्यावर सीबीटी ही समुपदेशनाची पद्धत सगळ्यात जास्त वापरली गेली आहे. त्यात पहिली पायरी वेळेवर खाण्याचीच असते, म्हणजे वर सांगितलेलं वाया जाणार नाही. खाल्ल्यावर उलटी काढावीशी वाटणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, दोन आठवडे सतत उदास वाटणं किंवा जगणं नकोसं होणं यांतलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. सायन, केईएम आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे. तुम्हाला सायन सगळ्यात जवळ. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही फुकट बोलता येतं, मराठीतूनही. तपासायला गेलात की ‘वजन वाढलंय’ एवढंच सांगून थांबू नका. तेवढंच सांगितलं तर हातात पुन्हा एक डाएटचा कागद येईल. रात्री अकराचं सांगा, किती वेळा होतं ते सांगा, आणि फोनमधल्या त्या तीन-तीन ओळींच्या नोंदी दाखवा.